पत्र्यांच्या आडची वर्षे

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, कफ परेडपर्यंत पोहोचली आणि आरेपासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंतचा साडेतेहेतीस किलोमीटरचा मार्ग अखेर पूर्ण झाला. त्यानंतर या मार्गाविषयी जी चर्चा झाली, तिच्यात मुख्यतः तीन सूर होते. एका बाजूचे म्हणणे असे, की गाडी धावते आहे, लोक तिच्यात बसत आहेत, तेव्हा आरेतील झाडांसाठी रात्र जागवणाऱ्यांनी आता तरी आपली चूक कबूल करावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की ज्या मार्गाच्या कारशेडसाठी, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आणि दुरुस्तीच्या आगारासाठी, रातोरात झाडे तोडली गेली, तो कितीही उपयोगी ठरला तरी त्याचे समर्थन होऊ शकत नाही. तिसरा सूर हिशेब मांडणाऱ्यांचा होता : रोज तेरा लाख प्रवासी येतील असे सांगितले होते, पूर्ण मार्ग खुला झाल्याच्या पहिल्या दिवशी दीड लाखांहून थोडे अधिक आले, म्हणजे हा खर्च वाया गेला. मला हे तिन्ही युक्तिवाद अपुरे वाटतात आणि तिघांची उणीव एकच आहे. तिन्ही बाजू लोकार्पणाच्या फितीजवळ उभ्या राहून निकाल देतात. भूमिपूजन आणि लोकार्पण यांच्यामध्ये गिरगावात, दादरला, वरळीला, मरोळला रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकून जी वर्षे काम चालू होते, त्या वर्षांविषयी कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे आहे, की शहरी रेल्वेचे बरेवाईट याच वर्षांत ठरते. म्हणून तिचे बांधकाम नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे, आणि यंत्रणेने ते पाहता येईल अशा रीतीने केले पाहिजे.

याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. बसचा मार्ग चुकला तर तो पुढच्या महिन्यात बदलता येतो, थांबा चार पावले सरकवता येतो. जमिनीखाली वीस-पंचवीस मीटरवर खोदलेल्या स्थानकाची लांबी एकदा ठरली, की पुढची शंभर वर्षे तिच्यात एक डबाही जास्त मावत नाही. मेट्रो ३ साठी आठ डब्यांची गाडी ठरली, एका गाडीतून सुमारे अडीच हजार माणसे जातील असा अंदाज धरला गेला आणि अशा ३१ गाड्या मागवल्या गेल्या. फलाटाच्या कडेला काचेचे सरकते दरवाजे बसवले गेले. हे दरवाजे गाडीच्या दरवाजांसमोर नेमके यावे लागतात, म्हणजे गाडीची लांबी, दारांची संख्या आणि दोन दारांमधले अंतर हे सगळे फलाटाच्या काँक्रिटशी कायमचे बांधले जाते. सामान्य मुंबईकराने हे आठ डबे पहिल्यांदा पाहिले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा. निर्णय मात्र त्याच्या कितीतरी वर्षे आधीचा. तो चांगला होता, हे आपले भाग्य. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर हा शहरातील पहिला मेट्रो मार्ग जून २०१४ मध्ये चार डब्यांच्या गाड्यांनी सुरू झाला. तेथील फलाट सहा डबे घेऊ शकतात, तरी डबे वाढवण्याची मागणी वर्षानुवर्षे मागणीच राहिली आणि संध्याकाळी घाटकोपरच्या जिन्यावर ती चुकलेली गणिते आजही पायांनी मोजता येतात. गाडी किती डब्यांची असावी, या प्रश्नावर शहरात एक तरी जाहीर सभा झाल्याचे कोणाला आठवते का?

गाड्यांचा विषय निघाला आहे, तर मोनोरेलकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण तिच्या कथेतला धडा अजून कोणी नीट घेतलेला नाही. वडाळा ते चेंबूर हा मोनोरेलचा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला आणि वडाळ्यापासून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये. बांधकाम चालू असताना चर्चा झाली ती नव्या तंत्राच्या नवलाईची. हे खांब आणि या तुळया एका विशिष्ट बनावटीच्या गाडीशिवाय दुसरी कोणतीही गाडी वाहू शकणार नाहीत, त्या गाडीचे सुटे भाग परदेशातून येणार आहेत, आणि पुरवठादाराने उद्या हात वर केले तर दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. तो विचारला गेला नाही. पुढे पुरवठादाराबरोबरचा करार संपुष्टात आला, सुटे भाग मिळेनात, काही गाड्या इतर गाड्या चालत्या ठेवण्यासाठी मोडाव्या लागल्या, फेऱ्या विरळ झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मुसळधार पावसाच्या संध्याकाळी गर्दीने भरलेली गाडी उंचावर अडकली आणि प्रवाशांना शिड्या लावून उतरवावे लागले. त्याच सप्टेंबरात सेवा दुरुस्तीसाठी बंद करण्यात आली. ज्या प्रश्नाने मोनोरेलचा घात केला, तो अवघड तांत्रिक प्रश्न नव्हता. घरी मिक्सर घेताना आपण विचारतोच, की याचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे.

माझ्या या म्हणण्याला सर्वांत भक्कम आक्षेप असा, की प्रश्न विचारण्याचीही किंमत असते आणि ती शहरच भरते. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मेट्रो ३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता आणि शेवटचा आकडा सुमारे ३७ हजार कोटींवर गेला. प्रकल्पाचा मोठा भाग जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून उभा राहिलेला आहे, म्हणजे उशिराच्या प्रत्येक वर्षाचा भार शेवटी सार्वजनिक तिजोरीवर येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे दोन रात्रींत तोडली गेली, सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली, सरकार बदलल्यावर नोव्हेंबरअखेर कारशेडचे काम थांबवले गेले, ऑक्टोबर २०२० मध्ये ते कांजूरमार्गला हलवण्याची घोषणा झाली, डिसेंबरात त्या जागेवरील कामाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि जुलै २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर सगळे आरेलाच परत आले. जवळजवळ पावणेतीन वर्षे. या काळात भुयारे पुढे सरकत होती, आंध्र प्रदेशातील श्रीसिटीच्या कारखान्यात गाड्या आकार घेत होत्या, आणि त्या आणून उभ्या करायला जागा नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली गाडी मोठमोठ्या ट्रेलरांवरून रस्त्याने मुंबईत आली, तेव्हा सारिपुतनगरला तात्पुरती सोय करून तिची चाचणी घ्यावी लागली. रोज लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या माणसाने या पावणेतीन वर्षांचा हिशेब मागितला, तर तो योग्यच आहे.

पण हा हिशेब नेमका कोणाकडे मागायचा? आरेच्या जागेविषयी पहिला आक्षेप २०१९ मध्ये घेतला गेला नव्हता. तो २०१४ पासून घेतला जात होता आणि २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे कांजूरमार्गचा पर्यायही होता. तेव्हा भुयार खोदणारे एकही यंत्र जमिनीखाली उतरलेले नव्हते. त्या वेळी दोन्ही जागांचे फायदे-तोटे, कांजूरच्या जमिनीवरील मालकीचे वाद, आरेतील प्रत्येक हेक्टरवर काय उभे आहे याची मोजदाद, हे सारे मराठीत, नकाशांसह, सामान्य माणसाला वाचता येईल असे मांडले गेले असते आणि त्यावर उघड सुनावणी होऊन सकारण निर्णय झाला असता, तर तो कदाचित आरेच्याच बाजूने लागला असता. कदाचित नसता. कसाही लागला असता, तरी २०१९ ची ती रात्र आली नसती. त्याऐवजी मार्गाचे टोक ठरले, भुयारांचे बरेच काम झाले, आणि मगच आक्षेपाला न्यायालयाच्या दारापलीकडे वाट उरली नाही. उशीर प्रश्नामुळे झाला असे म्हणताना, तो प्रश्न किती काळ अनुत्तरित ठेवला गेला हे विसरून चालणार नाही. जी जागा मेट्रो ३ साठी अशक्य ठरवली गेली, तीच कांजूरची जागा पुढे मेट्रो ६ च्या कारशेडसाठी दिली गेली, ही गोष्ट आंदोलकांना खोडसाळ ठरवणाऱ्यांनी आणि सरकारला खलनायक ठरवणाऱ्यांनी सारख्याच शांतपणे तपासून पाहावी.

पुण्यात असेच घडले, वेगळ्या कारणाने. वनाज ते रामवाडी हा मार्ग लकडी पुलावरून, म्हणजे संभाजी पुलावरून, ओलांडत जातो आणि विसर्जन मिरवणुकीचे रथ त्याच पुलावरून जातात, हे पुण्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरीही पुलावरच्या मेट्रोच्या उंचीचा वाद पेटला तो २०२१ मध्ये, खांब उभे राहून वर तुळया चढवायची वेळ आली तेव्हा. मंडळांनी विरोध केला, काम काही महिने थांबले आणि अखेर मूळ आराखड्याप्रमाणेच पूर्ण झाले. मंडळांचे बरोबर की मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रो कंपनीचे, यावर पुण्यात अजूनही तावातावाने बोलले जाते. मला सतावतो तो निराळा प्रश्न : आराखड्यातील त्या उंचीचा आकडा आणि रथांची उंची हे दोन आकडे खांबाचा पाया खोदण्याआधी एका टेबलावर का आले नाहीत? विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर याहून महाग धडा आहे. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेला तो पूल जेमतेम पंधरा वर्षेही टिकला नाही. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी जागा हवी म्हणून २०२० च्या जुलैत, टाळेबंदीच्या काळात, तो पाडला गेला. पूल बांधला जात असताना पुण्यात मेट्रोची चर्चा नव्हती असे नाही. पूल एका खात्याच्या कागदावर होता आणि मेट्रो दुसऱ्या.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावर आहे. कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये सुरू झाले आणि गोव्यात तिच्या मार्गाविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. खाजण जमिनी, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनी, बुडतील, जुन्या गोव्याच्या वारशाला धक्का लागेल, गाडी किनारी तालुक्यांऐवजी पूर्वेकडून न्यावी, अशी मागणी होती. तेव्हा गोव्यातील काम काही काळ थांबवले गेले, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला, त्याने बाजू ऐकल्या आणि मुख्य मार्ग कायम ठेवला. निर्णय सर्वांना पटला असे मुळीच नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांना काम चालू असताना, बदल शक्य असताना, एका स्वतंत्र माणसासमोर बोलता आले, आणि जानेवारी १९९८ मध्ये ७४० किलोमीटरचा मार्ग देशाला अर्पण झाला. याच रेल्वेच्या कामावर तिचे प्रमुख अभियंता-प्रशासक ई. श्रीधरन यांनी उलटी चालणारी घड्याळे लावली होती : काम पूर्ण होण्यास किती दिवस उरले, हे साइटवरच्या प्रत्येकाला दिसावे म्हणून. पुढे दिल्ली मेट्रोतही त्यांनी तेच केले. या घड्याळांकडे शिस्तीचे साधन म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी होतीच. माझ्या लेखी त्यांचे अधिक महत्त्व असे, की त्यांनी मुदत गुप्त ठेवली नाही.

दुसरा आक्षेप असा येतो, की मुंबईच्या मेट्रो महामंडळाने काहीच लपवले नाही, उलट भरपूर दाखवले. हेही बऱ्याच अंशी खरे आहे. सतरा टनेल बोअरिंग यंत्रांना वैनगंगा, वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तापी, तानसा अशी नद्यांची नावे दिली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये वैनगंगा खडक फोडून विमानतळाच्या टर्मिनल २ जवळ बाहेर आली, तेव्हा ते दृश्य घरोघरी पाहिले गेले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये महालक्ष्मीला बेचाळिसावे आणि शेवटचे भुयार पूर्ण झाले, तेव्हाही. ते दृश्य खरोखर अंगावर रोमांच आणणारे आहे. बेसाल्टचा कठीण खडक, मध्येच ब्रेशिया आणि टफचे ठिसूळ थर, डोक्यावर मिठी नदी आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या चाळी, आणि अशा जमिनीतून यंत्र ठरलेल्या जागी नेमके बाहेर येते. ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी हे केले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण उत्सव आणि हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. किती भुयारे फुटली हे आपल्याला महिन्याच्या महिन्याला कळले. कोणत्या स्थानकाचे किती प्रवेशमार्ग पहिल्या दिवशी खुले होतील, मुदत पुढे गेली तर नेमकी कशामुळे, घर रिकामे केलेल्या माणसाची इमारत कोणत्या मजल्यापर्यंत आली, हे त्याच सातत्याने कळले का?

याचे उत्तर मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकाने दिले. त्या महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास दुसरा टप्पा तिथपर्यंत खुला झाला. सव्वीस तारखेला पाऊस नेहमीच्या आधी येऊन कोसळला आणि बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून पाणी थेट स्थानकात शिरले. फलाटावर चिखल, छतातून धार, आणि गाड्या अलीकडे वरळीपर्यंतच. टीका झाली ती दर्जावर आणि भ्रष्टाचारावर. मला त्याआधीची एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. वरळी-लोअर परळचा तो भाग पावसाळ्यात पाण्याने भरतो, हे गिरणगावातील प्रत्येक जण जाणतो. पावसाळा तोंडावर असताना अपुऱ्या प्रवेशमार्गासह स्थानक उघडायचे की जूनअखेर थांबायचे, हा निर्णय कोणी, कोणत्या आधारावर घेतला? मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र मिळाल्याची बातमी आपण वाचतो. त्यांनी काय तपासले, कोणत्या अटी घातल्या आणि त्या कधी पूर्ण झाल्या, हे स्थानकाबाहेर एका कागदावर लावले असते, तर त्या भागातल्या एखाद्या दुकानदारानेच विचारले असते, की साहेब, इथे दरवर्षी गुडघाभर पाणी असते, ही भिंत पुरेल का?

तारखेचा हट्ट हा केवळ आपला रोग नाही. लंडनमध्ये क्रॉसरेल हा पूर्व-पश्चिम मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये सुरू होणार, असे त्याच वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत सांगितले जात होते. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, उद्घाटनाला चार महिनेही उरले नसताना, तारीख चुकणार असे जाहीर झाले, आणि गाडी धावली ती मे २०२२ मध्ये. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये या प्रकरणाची छाननी केली, तेव्हा एकाच तारखेला चिकटून राहिल्यामुळे कामाची खरी स्थिती वेळेवर समोर आली नाही, असाच तिचा रोख होता. कोलकात्याचा अनुभव याहून कडू आहे. देशातली पहिली मेट्रो तिथेच. पायाभरणी डिसेंबर १९७२ मध्ये झाली आणि पहिली गाडी धावली ऑक्टोबर १९८४ मध्ये, तीही एस्प्लनेड ते भवानीपूर अवघे साडेतीन किलोमीटर. पुढे त्याच शहराच्या पूर्व-पश्चिम मेट्रोचे यंत्र ऑगस्ट २०१९ मध्ये बहूबाजारच्या खाली भूजलाच्या थराला भिडले, जमीन खचली, जुनी घरे कोसळली आणि शेकडो माणसे रात्रीतून बाहेर पडली. २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा तडे गेले. गिरगाव-काळबादेवीच्या रहिवाशांना ही बातमी वाचताना काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहा. तेथील रस्ते इतके अरुंद, की वरून खड्डा खणून स्थानक बांधणे शक्य नव्हते. आतूनच खडक फोडत स्थानकाची पोकळी तयार करावी लागली, आणि वर जुन्या लाकडी तुळयांच्या इमारती उभ्या होत्या. मुंबईत बहूबाजार घडला नाही, हे येथील अभियंत्यांचे मोठे यश आहे. पण इमारतींवर बसवलेल्या मापकांचे आकडे त्या इमारतीत झोपणाऱ्या माणसांना दर आठवड्याला समजायला हवे होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो, म्हणून त्याकडे वळतो. सामान्य माणसाला यातले काय कळते, तो पाहणार म्हणजे गोंधळच घालणार, असे म्हटले जाते. असे म्हणणाऱ्यांनी या शहरातील पोरांना पाहिलेले नाही. मेट्रोचे प्रत्येक गर्डर चढताना पाहणारी, कोणता डबा कधी आला, कोणत्या गाडीची चाचणी कुठवर झाली याच्या वह्या ठेवणारी, रात्री दोन वाजता ट्रेलरवरून येणारा डबा पाहायला हमरस्त्यावर उभी राहणारी मुले मुंबईत, पुण्यात, नागपुरात शेकड्यांनी आहेत. त्यांच्यापैकी काही अभियांत्रिकी शिकतात, काही बँकेत नोकरी करतात, काही अजून बारावीत आहेत. अमुक स्थानकाचा सरकता जिना अजून आलेला नाही, तेव्हा जाहीर झालेली तारीख शक्य नाही, हे ती अनेकदा अधिकृत निवेदनाच्या आधी सांगतात. त्यांना कोणी पगार देत नाही. गाडीवरच्या प्रेमापोटी ती हे करतात. आणि आपण त्यांना काय देतो? पत्र्याच्या फटीतून पाहण्याची मुभा. जे शहर १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीचा अभिमान बाळगते आणि त्या रेल्वेसाठी धडपडणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकाला देते, त्या शहरात रेल्वेविषयी सामान्य माणसाची उत्सुकता ही अडचण मानली जावी, हे मला समजत नाही. नाना शंकरशेट तरी कुठे अभियंते होते?

प्रवासी कमी आहेत, या तिसऱ्या सुराचे उत्तरही याच वर्षांत दडलेले आहे. अंदाजातील तेरा लाख आणि प्रत्यक्षातील दीड लाख यांतला फरक पाहून घाबरण्याचे कारण नाही. नव्या मार्गाची सवय लागायला वेळ लागतो आणि घर, नोकरी, शाळा यांची ठिकाणे त्याला धरून हळूहळू बदलतात. पण सवय लागावी असे वातावरण आहे का? दहा ते सत्तर रुपये भाडे देऊन थंडगार गाडीतून उतरलेला माणूस जिना चढून वर येतो, तेव्हा समोर पदपथ आहे का, बस आहे का, लोकलचा फलाट किती पावलांवर आहे, यावर तो उद्या पुन्हा येणार की नाही हे ठरते. ज्या वर्षांत मेट्रो उभी राहिली, त्याच वर्षांत बेस्टच्या बसगाड्यांचा ताफा, जो एकेकाळी चार हजारांहून मोठा होता, तीन हजारांच्या खाली घसरला. एकीकडे हजारो कोटींची रेल्वे जमिनीखाली आकार घेत होती आणि दुसरीकडे तिच्या दारापर्यंत माणसे आणणारी बस रस्त्यावरून नाहीशी होत होती, आणि या दोन गोष्टी एकत्र मांडून पाहणारे कोणी नव्हते. भ्रमणध्वनीचे तसेच. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा भुयारात फोनला सिग्नल नव्हता, कारण दूरसंचार कंपन्या आणि मेट्रोची यंत्रणा यांच्यातील वाटाघाटी अपुऱ्या होत्या. काही किलोमीटर जमिनीखाली जाणाऱ्या वृद्ध आईशी मुलीला बोलता येत नाही, ही काही क्षुल्लक गैरसोय नव्हे. भुयारात केबल टाकायची जागा राखली जात असतानाच हा प्रश्न सुटायला हवा होता.

यावर एक शंका उरते, ती मी प्रामाणिकपणे मांडतो. सगळे उघड केले तर प्रत्येक कागद न्यायालयात जाईल, अधिकारी सही करायला धजणार नाहीत, आणि पुढची मेट्रो वीस वर्षे कागदावरच राहील, ही भीती खोटी नाही. मी स्वतः लोकलच्या गर्दीत वाढलेला माणूस आहे. या शहराला रेल्वे हवी आहे आणि लवकर हवी आहे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. म्हणूनच मी प्रत्येक निर्णयावर मतदान घ्या असे म्हणत नाही. यंत्र कोणते वापरायचे, भुयाराच्या अस्तराची रिंग किती जाडीची, वीज वरून द्यायची की बाजूच्या रुळातून, हे अभियंत्यांचे काम आहे. पण ज्या गोष्टी एकदा झाल्यावर बदलत नाहीत आणि ज्यांचा रोजच्या जगण्याशी संबंध आहे, त्यांची यादी फार मोठी नसते : कारशेड कुठे, गाडी किती डब्यांची, प्रवेशमार्ग किती आणि कुठे, कोणाचे घर जाणार आणि ते परत कधी मिळणार, स्थानकाबाहेर बस कोण देणार. एवढ्या गोष्टी काम सुरू होण्याआधी ऐकून घ्यायच्या, सकारण ठरवायच्या आणि मग त्यांची प्रगती पत्र्यावरच मराठीत लिहीत राहायची. ठेकेदाराचे नाव आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढे लिहायला त्या पत्र्यांवर आज जागा सापडतेच.

आता मेट्रो ११ चे काम पुढे उभे आहे. आणिक आगारापासून वडाळा, भायखळा, नागपाडा, भेंडीबाजार, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस करत गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाणाऱ्या, बहुतांशी भुयारी अशा या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. खर्च तेवीस हजार कोटींच्या वर धरलेला आहे, म्हणजे मेट्रो ३ चा मूळ अंदाज होता जवळपास तेवढाच. नागपाड्याच्या आणि भेंडीबाजारच्या गल्ल्या गिरगावपेक्षा रुंद नाहीत आणि तेथील इमारती गिरगावपेक्षा तरुण नाहीत. गिरगाव-काळबादेवीत मेट्रो ३ साठी घरे सोडलेल्या कुटुंबांना त्याच परिसरात घर देण्याचे वचन होते, आणि त्यांच्या पायाखालून गाडी धावू लागली तरी ते सर्वांसाठी पूर्ण झालेले नव्हते. नागपाड्यात पहिला पत्रा ठोकला जाण्याआधी तेथील रहिवाशांच्या हातात त्या कुटुंबांच्या प्रत्येक वर्षाचा तपशील असला पाहिजे : कोणत्या साली घर सोडले, कोणत्या साली पायाभरणी झाली, आज इमारत कुठवर आली आहे, आणि भाड्याचा शेवटचा धनादेश कधी मिळाला.